कोल्हापुरात घरी बसून स्वतःचं डिजिटल संगीत करायचंय, स्टुडिओ लागतो का?

स्टुडिओ कशाला? साधा लॅपटॉप, वायरचा हेडफोन आणि एलएमएमएस हे फुकट सॉफ्टवेअर, एवढ्यावर सुरुवात होते. ब्लूटूथ हेडफोन मात्र नको. कळ दाबल्यावर आवाज उशिरा येतो आणि ताल बोंबलतो.

रेडिमेड लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तयार तुकडे) जोडत बसू नका, सगळ्यांकडे तेच असतात. त्यापेक्षा खासबाग मैदानात कुस्त्या असल्या की हलगी कडाडते, ती मोबाईलवर रेकॉर्ड करा (वाजवणाऱ्याला विचारून, बरं का). अगदी जवळ जाऊ नका, आवाज फाटतो. मग त्यातला एकच ठोका कापा, एलएमएमएसच्या ऑडिओफाइलप्रोसेसरमध्ये (रेकॉर्ड केलेला आवाज वाद्यासारखा सुरांत वाजवणारा भाग) टाका आणि दोन सप्तकं खाली वाजवून बघा. ठोका लांबतो, जड होतो. ढोलाच्या विकतच्या रेडिमेड आवाजाला तो रंग नाही. मिडी कीबोर्ड (लॅपटॉपला जोडायची पेटीसारखी पट्टी) नंतर घ्या, तोवर लॅपटॉपच्या कळा चालतात.