वाढत्या महानगरात दुसरे ट्रॉमा सेंटर कुठे असावे, हे कसे ठरवतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: महानगराच्या एका बाजूला वस्ती झपाट्याने वाढते आहे, सध्याचे एकमेव ट्रॉमा सेंटर मात्र जुन्या शहराच्या मध्यावर आहे, तर दुसरे केंद्र नव्या वस्तीच्या मधोमध उभारावे हे उघडच नाही का? मी काही वर्षे आपत्कालीन वैद्यकीय सेवेच्या नियोजनात, मुख्यतः रुग्णवाहिकांच्या नोंदी आणि नकाशे यांवर काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की ते उघड वाटते खरे, पण लोकसंख्या वाढली त्याच ठिकाणी आणि त्याच प्रमाणात गंभीर दुखापती वाढतील, असे गृहीत धरता येत नाही.

ट्रॉमा सेंटर म्हणजे मोठा अपघात विभाग नव्हे. शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, मेंदूवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, रिकामे ठेवलेले शस्त्रक्रियागृह आणि तयार रक्तसाठा ही सारी जुळणी चोवीस तास जागी ठेवणे, हा त्यातला खरा खर्च. त्या खर्चाचे फळ मिळते, यात शंका नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील १४ राज्यांमधल्या ६९ रुग्णालयांच्या अभ्यासात ट्रॉमा सेंटरमध्ये उपचार झालेल्या जखमींचा वर्षभरातील मृत्यूचा धोका इतर रुग्णालयांतील जखमींपेक्षा २५ टक्क्यांनी कमी आढळला होता. मात्र हे फळ गंभीर जखमींपुरते आहे. म्हणून पहिला नकाशा घरांचा नको, गंभीर दुखापतींचा हवा. दुखापतींची तीव्रता मोजणाऱ्या आयएसएस या गुणांकात १५ हून अधिक गुण असलेले रुग्ण नेमके कुठे जखमी झाले, त्याचा.

हा नकाशा काढणे वाटते तितके सोपे नाही. एकदा आम्ही दोन वर्षांच्या नोंदी नकाशावर टाकल्या, तेव्हा एका चौकात ठिपक्यांचा इतका दाट पुंजका उमटला की तिथे उड्डाणपूल हवा की रुग्णालय, अशी चर्चा सुरू झाली. नंतर कळले की अपघाताचे ठिकाण माहीत नसेल, तर नोंदणी करणारा कर्मचारी रुग्णालयाच्या फाटकाचाच पत्ता लिहीत असे. तेव्हापासून सर्वांत दाट पुंजक्याकडे मी आधी संशयानेच पाहतो. दुसरी अडचण याहून मोठी आहे. रुग्णालयाच्या नोंदवहीत येतात ते तिथपर्यंत पोहोचलेले; जागीच किंवा वाटेत मृत्यू पावलेले पोलिसांच्या आणि शवविच्छेदनाच्या कागदांत असतात. नवे केंद्र ज्यांच्यासाठी उभारायचे त्यांतले बरेच जण या दुसऱ्या ढिगातले असतात, आणि तो ढीग न उपसता काढलेला नकाशा जुन्या केंद्राच्या जवळपासचाच भाग गडद दाखवतो. शिवाय वयस्कर माणसे घरातच पडून गंभीर जखमी होतात, तर वाहनांचे अपघात वस्तीबाहेरच्या वेगवान रस्त्यांवर घडतात, त्यामुळे या दोन्हींची ठिकाणे वेगळी काढून पाहावीत.

आता वेळेचा हिशेब. दुखापतीनंतरचा पहिला तास निर्णायक, या अर्थाचा ‘गोल्डन अवर’ हा शब्द आर. ॲडम्स काउली या अमेरिकन शल्यविशारदांमुळे रूढ झाला, पण साठाव्या मिनिटाला शरीरात काही कळ दाबली जात नाही. पोटात रक्तस्राव चालू असलेल्याला २० मिनिटेही जड जातात आणि मनगटाचे हाड मोडलेला दोन तास थांबू शकतो. समजा, एका जखमीचा प्रवास असा आहे: फोन उचलून गाडी निघायला ३ मिनिटे, घटनास्थळी पोहोचायला ९, वाहनातून काढून गाडीत घ्यायला १९, रुग्णालयापर्यंत २२ आणि दारापासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत ३५. नवे केंद्र यातल्या फक्त २२ मिनिटांना हात लावते. त्यातली १० वाचली तर ती मोलाचीच, पण घटनास्थळी १९ मिनिटे का लागतात आणि दारातून आत ३५ का, हे कुणी विचारले नसेल, तर इमारतीच्या पैशांत त्याहून अधिक मिनिटे दुसरीकडे वाचवता आली असती. ही २२ मिनिटेही नकाशावर वर्तुळ काढून मोजू नयेत. संध्याकाळच्या कोंडीत प्रत्यक्ष धावलेल्या गाड्यांच्या वेळा घ्याव्यात. नदी, रेल्वेमार्ग किंवा एकच पूल असला की चार किलोमीटर अंतरही लांब पडते.

जागा निवडण्याचे गणित तयार आहे. ठरावीक संख्येच्या केंद्रांतून, ठरावीक वेळेत जास्तीत जास्त गरजू कसे आवाक्यात आणावेत, याचे प्रारूप चर्च आणि रेव्हेल या संशोधकांनी १९७४ मध्ये मांडले, आणि आजही बहुतेक संगणकीय साधनांच्या मुळाशी तेच असते. त्यातली मेख अशी की वेळेची मर्यादा ३० वरून ३५ मिनिटे केली, तर ‘सर्वोत्तम’ जागा कधीकधी शहराच्या दुसऱ्या टोकाला उडी मारते. म्हणून मर्यादा बदलून, शिवाय दहा वर्षांनंतरच्या लोकसंख्येचे दोन-तीन अंदाज धरून, गणित पुनःपुन्हा चालवावे आणि दरवेळी पहिल्या तिघांत येणारी जागा धरावी, एकदाच पहिली आलेली नव्हे.

सर्वांत दुर्लक्षित मुद्दा जुन्या केंद्राचा. अमेरिकन शल्यचिकित्सकांच्या संघटनेच्या निकषांनुसार सर्वोच्च श्रेणीच्या केंद्रात वर्षाला किमान १,२०० जखमी दाखल व्हावेत, किंवा १५ हून अधिक आयएसएस असलेले किमान २४०. अंक देशागणिक बदलतील, तत्त्व बदलत नाही: हात सवयीत राहायला रुग्ण लागतात. नव्या केंद्राने जुन्याचे निम्मे रुग्ण ओढले आणि दोघेही उंबरठ्याखाली गेले, तर प्रवासात वाचवलेली मिनिटे टेबलावर गमावली जातात. लंडनने २०१० मध्ये सुमारे ८० लाख लोकांसाठी चारच प्रमुख केंद्रे नेमली आणि गंभीर जखमीला जवळचे रुग्णालय ओलांडून थेट तिथे नेण्याचा नियम केला. मला ही दिशा पटते.

पण तिचाही अतिरेक होतो. शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयाने १९८८ मध्ये प्रौढांचे ट्रॉमा सेंटर तोट्यामुळे बंद केले. पुढे शहराच्या दक्षिण भागात वर्षानुवर्षे असे केंद्र उरले नाही, आणि स्थानिकांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०१८ मध्ये ते तिथे पुन्हा सुरू झाले. गोळी लागलेल्यांपैकी केंद्रापासून पाच मैलांहून दूर जखमी झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त असल्याचे त्या शहरातल्या २०१३ च्या अभ्यासात दिसले होते. पैसे भरू शकणारे रुग्ण जिथे राहतात तिथे केंद्रे उगवतात आणि दुखापती जास्त असतात तिथून ती निघून जातात. हा ओढा जागेची यादी करतानाच ओळखला पाहिजे, कारण खासगी प्रस्तावांमधून तो आपोआप यादीत शिरतो.

आपल्या बाबतीत, नवी इमारत शोधण्याआधी वाढत्या बाजूला आधीच चालू असलेली मोठी रुग्णालये तपासावीत. रक्तपेढी, सीटी स्कॅन आणि रात्रीचे भूलतज्ज्ञ ज्याच्याकडे आहेत, त्याची श्रेणी वाढवणे रिकाम्या भूखंडापेक्षा बहुधा लवकर होते. ते नव्या वस्तीच्या मधोमध नसून जुन्या शहराकडच्या कडेला, वेगवान रस्त्याच्या तोंडाशी असेल, तर मी त्यालाच पसंती देईन, कारण दोन्ही बाजूंचे रुग्ण त्याला मिळतील. केंद्र सुरू होईल त्या दिवशी कोणत्या रस्त्यापलीकडची रुग्णवाहिका कुठे वळेल, ही सीमारेषा मात्र आधीच ठरलेली आणि प्रत्येक चालकाच्या हाती दिलेली असावी. वर्षभराने दोन्ही केंद्रांचे आकडे पाहून ती पुन्हा सरकवावी लागेल.