वाचकांचे प्रश्न : फॉरमॅट मारण्याआधी पेनड्राइव्ह लावा

प्रश्न : लॅपटॉप सुरू केला की 'ऑटोमॅटिक रिपेअर' येतं आणि गाडी तिथेच फिरत राहते. विंडोज ११ आहे. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. मुलीच्या बारशापासूनचे फोटो त्यात आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. बूटेबल पेनड्राइव्हने (ज्यावरून लॅपटॉप सुरू करता येतो) काही होईल का?

उत्तर : होईल. फॉरमॅटला तूर्त ठाम नकार द्या. विंडोज उठत नाही म्हणजे फोटो गेले असं नव्हे. बहुतेक वेळा ते डिस्कवर जागच्या जागी असतात.

किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. दुसऱ्या, चालू असलेल्या विंडोज कंप्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 'मीडिया क्रिएशन टूल' घेऊन तो तयार करा. कित्येक जीबी उतरवावे लागतात, मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर भागणार नाही. मग लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह लावा आणि सुरू करताच बूट मेन्यूचं (कशावरून सुरू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीचं) बटण दाबत राहा. डेल आणि लेनोवोच्या बहुतेक लॅपटॉपवर ते एफ १२ असतं, एचपीवर एफ ९.

इन्स्टॉलचा पडदा आला की 'इन्स्टॉल'कडे जाऊ नका. 'रिपेअर'चा पर्याय घ्या, मग 'ट्रबलशूट' आणि 'कमांड प्रॉम्प्ट'. काळ्या खिडकीत 'नोटपॅड' हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. नोटपॅडच्या 'फाइल'मधून 'ओपन' उघडा आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा. आता हीच खिडकी तुमचा फाइल एक्सप्लोरर. 'युजर्स'मध्ये तुमच्या नावाचा फोल्डर शोधा, त्यातल्या 'पिक्चर्स'वर राइट क्लिक करून कॉपी करा आणि बाहेरच्या हार्डडिस्कवर पेस्ट करा. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात; नेहमीचा सी ड्राइव्ह डी म्हणून दिसला तर घाबरू नका. कॉपी किती झाली हे दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. अधीर होऊन बंद करू नका.

फोटो बाहेर आले की मगच दुरुस्ती. त्याच 'ट्रबलशूट'मध्ये आधी 'स्टार्टअप रिपेअर'. बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. तेही जमलं नाही, तर 'सिस्टम रिस्टोअर'. मात्र डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर दुरुस्तीचे प्रयोग करू नका. मरू घातलेल्या डिस्कला प्रत्येक तपासणी महागात पडते.

प्रश्न : ड्राइव्ह उघडताना ४८ अंकी 'रिकव्हरी की' मागतो. मी कधी कुलूप लावलंच नव्हतं.

उत्तर : तुम्ही नाही, विंडोजने लावलं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलेल्या अनेक लॅपटॉपवर ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद होतो आणि त्याची 'की' त्याच खात्यात जमा होते. मोबाइलवरून त्या खात्यात लॉग-इन करून 'डिव्हाइसेस'मध्ये पाहा. एकाहून जास्त की दिसल्या, तर पडद्यावरचा 'की आयडी' जुळवा. ऑफिसचा लॅपटॉप असेल, तर 'की' आयटी विभागाकडे असते. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कंप्युटर बंद पाडले, तेव्हाही असंख्य ठिकाणी काम याच कीपाशी अडलं. 'की' कुठेच सापडली नाही, तर डेटा उघडत नाही. 'उघडून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. तुमचा लॅपटॉप आज ठणठणीत असेल, तर आजच ती की कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

प्रश्न : पेनड्राइव्हवरून बूट होतं, पण लॅपटॉपचा एसएसडी (डेटा साठवणारा ड्राइव्ह) दिसतच नाही.

उत्तर : आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, लॅपटॉपच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) पाहा. तिथेही नसेल, तर एसएसडी सैल झाला आहे किंवा गेला आहे. बायोसमध्ये दिसत असेल आणि प्रोसेसर इंटेलचा ११व्या पिढीचा किंवा नंतरचा असेल, तर बहुधा 'व्हीएमडी'चा, म्हणजे एसएसडी हाताळणाऱ्या इंटेलच्या व्यवस्थेचा, ड्रायव्हर (ती ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर) हवा. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्याच मॉडेलचा 'इंटेल रॅपिड स्टोरेज' ड्रायव्हर घ्या, फाइल उलगडून (एक्स्ट्रॅक्ट करून) पेनड्राइव्हवर टाका. इन्स्टॉलमध्ये ड्राइव्ह निवडायच्या पडद्यापर्यंत जा, 'लोड ड्रायव्हर'ने तो दाखवा. ड्राइव्ह दिसला की 'नेक्स्ट' दाबू नका. तिथेच शिफ्ट आणि एफ १० एकत्र दाबलं की काळी खिडकी उघडते, नोटपॅडची युक्ती तिथूनही चालते. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचा सल्ला काहीजण देतात. जुनं विंडोज वाचवायचं असेल, तर तो मानू नका; ते त्याच सेटिंगवर बसवलेलं असतं आणि बदलल्यावर अनेकदा उठत नाही.