मित्राकडे राहायला गेला तर मुलाचं एसएसआय कमी होईल का?

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा २६ वर्षांचा, जन्म इथलाच, सेरेब्रल पाल्सी आहे, व्हीलचेअर वापरतो. त्याला एसएसआयचे (कमी उत्पन्नाच्या अपंगांना आणि वृद्धांना मिळणारी सरकारी मदत) महिन्याला सातशेच्या आसपास डॉलर मिळतात. त्याच्या कॉलेजच्या मित्राने नुकतंच टाउनहाउस घेतलंय आणि तो म्हणतो माझ्याकडे ये राहायला, खालची बेडरूम रिकामीच आहे, भाडंबिडं काही नको. मित्राला पगार चांगला आहे. आमच्या ओळखीतले सगळे सांगतात की असं केलंत तर मित्राचा पगार धरतील, पैसे बंद होतील आणि मेडिकेडही (सरकारी आरोग्य विमा) जाईल. मुलाला मात्र जायचंच आहे. काय करावं?
— एक आई

उत्तर: जाऊ द्या त्याला. फक्त भाडं घ्यायला लावा मित्राला, हीच यातली खरी गोष्ट आहे.

आधी पगाराचं बघू. सोशल सिक्युरिटीवाले (एसएसआय देणारं सरकारी खातं) सज्ञान माणसाच्या एसएसआयमध्ये नवऱ्याचं किंवा बायकोचं उत्पन्न धरतात, मित्राचं नाही. मित्र महिन्याला दहा हजार कमवू दे नाहीतर पंधरा, त्याचा संबंध नाही. दोघं समाजात जोडपं म्हणून वावरत असतील, आम्ही नवरा-बायकोसारखे आहोत असं लोकांना सांगत असतील तर गोष्ट वेगळी. रूममेट असतील तर विचारल्यावर रूममेट असं स्वच्छ सांगायचं, संपलं.

पैसे कमी होतात ते दुसऱ्या कारणाने. मुलाच्या राहण्याचा खर्च दुसरं कोणी उचलत असेल तर ती त्याला मिळालेली मदत समजतात आणि तेवढे कापतात. २०२६ मध्ये एका माणसाचं पूर्ण फेडरल एसएसआय ९९४ डॉलर आहे आणि ही कपात जास्तीत जास्त ३३१.३३, म्हणजे बरोबर तिसरा हिस्सा. आता तुमच्या सातशेकडे बघा. राज्य सरकार वर देतं ते थोडे सोडले तर ते ६६२.६७ च आहेत. मुलगा तुमच्याकडे राहतो, तुम्ही काही घेत नाही, आणि घरच्या मुलाकडून भाडं कसलं घ्यायचं हे आपल्या रक्तातच असतं, पण त्यापायी तुमच्या मुलाचा तिसरा हिस्सा दर महिन्याला जातोय. आपल्या कित्येक घरांत हे वर्षानुवर्षं चालू असतं आणि कोणी सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो. ज्यांची मुलं घरीच राहणार आहेत त्यांनीही पुढचं वाचा, त्यांनाही लागू आहे.

३० सप्टेंबर २०२४ पासून नियम सोपा झालाय. ठरलेलं भाडं त्या वर्षीच्या ठराविक रकमेइतकं किंवा जास्त असलं की बाजारभावापेक्षा कमी असूनही ते व्यवहार म्हणून मान्य होतं आणि कपात होत नाही. ही रक्कम तिसरा हिस्सा अधिक २० डॉलर, म्हणजे यंदा ३५१.३३. पूर्वी ही सवलत मोजक्या राज्यांतच होती, आता सगळीकडे आहे. म्हणजे मित्राने ४०० डॉलर भाडं लावलं तर मुलाला पूर्ण ९९४ मिळू शकतात. दया म्हणून फुकट ठेवलं तर त्या दयेतून मुलाचे ३३१ कापले जाणार, हे मित्राला नीट समजावून सांगा, चांगला मुलगा दिसतोय, समजेल त्याला.

साधा एका पानाचा करार करा. "खालची बेडरूम, दर महिन्याच्या १ तारखेला ४०० डॉलर, यात वीज, गॅस, पाणी, कचरा धरलेलं आहे", दोघांच्या सह्या, तारीख. ते "धरलेलं आहे" विसरू नका, नाहीतर लाइट बिल मित्र भरतो म्हणून तीही मदत धरू शकतात. भाडं मुलाच्या स्वतःच्या खात्यातून चेकने किंवा झेलने (फोनवरून थेट बँकेत पैसे पाठवायची सोय) जाऊ दे, रोख नको. दोघांचं जॉइंट खातं तर अजिबात उघडू नका! त्यातले सगळे पैसे तुमच्या मुलाचे असं धरून चालतात आणि एसएसआयला जमा रकमेची मर्यादा फक्त २,००० डॉलर आहे.

तुम्हाला हातभार लावायचा असेल (लावणारच तुम्ही) तर त्याच्या हातात रोख देऊ नका, ते उत्पन्न धरलं जातं. किराणा आणून द्या, डबे भरून द्या, खाण्यापिण्याची मदत आता उत्पन्नात मोजत नाहीत. फोनचं किंवा इंटरनेटचं बिल तुम्ही परस्पर भरलंत तरी चालतं. आणि त्याच्या नावाने एबल खातं (अपंगांसाठीचं खास बचत खातं) काढा, त्यात घरच्यांनी टाकलेले पैसे त्याचं उत्पन्न होत नाही, त्यातून भाडं भरलं तरी एसएसआय कापत नाहीत. फक्त भाड्यासाठी काढलेले पैसे त्याच महिन्यात भरून टाकायचे.

एक गोष्ट मात्र उलटी आहे. त्याला फूड स्टॅम्प म्हणजे स्नॅप (किराण्यासाठीची सरकारी मदत) मिळत असेल तर तिथे एकत्र राहण्यापेक्षा एकत्र स्वयंपाक महत्त्वाचा. दोघं मिळून किराणा आणून एकत्र रांधत असतील तर एक कुटुंब धरतात आणि मग मित्राचा पगार मध्ये येतो. तेव्हा आपापला किराणा, आपापला स्वयंपाक.

घर बदललं की पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसला कळवायचंच. ते घरात कोण कोण राहतं, मॉर्गेज किती, टॅक्स किती, कोण काय भरतं हे सगळं विचारतात, मित्राकडूनही लिहून मागू शकतात, त्याला आधीच कल्पना द्या. उशीर झाला तर जास्तीचे गेलेले पैसे परत मागतात, आणि ती वसुली फार त्रासाची असते. मेडिकेडची धास्ती सोडा, न्यू जर्सीत एसएसआय चालू आहे तोवर ते बरोबरच चालतं.

प्रश्न: माझी बहीण १४ वर्षं नोकरी करत होती, आता एमएसमुळे (मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार) एसएसडीआयवर (नोकरी केलेल्यांना अपंगत्व आल्यावर मिळणारे सरकारी पैसे) आहे. मैत्रिणीबरोबर फ्लॅट शेअर करायचाय. तिचेही कापतील का?

उत्तर: नाही. एसएसडीआय तिने नोकरीत भरलेल्या टॅक्सवर मिळतं, कुठे राहते, भाडं कोण भरतं याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. पत्ता बदलल्याचं तेवढं कळवा. पण काही जणांना एसएसडीआय कमी पडतं म्हणून वर थोडं एसएसआय पण मिळत असतं. तिच्या सोशल सिक्युरिटीच्या पत्रात दोन्ही नावं दिसतात का बघा, दिसली तर त्या एसएसआयच्या भागाला वरचं सगळं लागू होईल.