बांधकाम क्षेत्रातील पदवी : महाविद्यालय निवडताना

सप्रेम नमस्कार.

विक्रोळीहून पाठवलेले आपले सविस्तर पत्र मिळाले. आपण अनेक वर्षे सेंटरिंगची, म्हणजे स्लॅबसाठी साचा उभारण्याची, कंत्राटे घेत आहात, मुलगी बारावी विज्ञान उत्तीर्ण झाली आहे, एमएचटी-सीईटीचा निकालही हाती आला आहे आणि तिला बांधकाम क्षेत्रातच इंजिनीअर व्हायचे आहे. एका खासगी विद्यापीठाने ‘कन्स्ट्रक्शन इंजिनीअरिंग अँड टेक्नॉलॉजी’ या नावाच्या चार वर्षांच्या बी.टेक. पदवीसाठी तिला जागा देऊ केली असून, ती राखून ठेवण्यासाठी आठवड्याभरात 25,000 रुपये भरण्यास सांगितले आहे. ती घ्यावी, की कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांची वाट पाहून सिव्हिल (स्थापत्य अभियांत्रिकी) घ्यावे, आणि सिव्हिल घेतल्यास मुंबईतील कोणते महाविद्यालय बरे, असा आपला प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी आपण लिहिले आहे, ‘साइट म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, म्हणूनच काळजी वाटते.’ त्याविषयीही पुढे लिहिते.

माझे मत आधीच सांगते. ते पैसे आत्ता भरू नयेत आणि कॅपमधून सिव्हिललाच प्रवेश घ्यावा.

बांधकाम विषयाची स्वतंत्र पदवी दुय्यम असते, असे मला म्हणायचे नाही. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात कन्स्ट्रक्शन इंजिनीअरिंगचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्याला मान आहे. अडचण येते ती पुढे, नोकरीच्या जाहिरातीपाशी. सार्वजनिक बांधकाम विभाग, जलसंपदा, महापालिका किंवा म्हाडा यांच्या भरतीत पात्रता म्हणून सर्वसाधारणपणे स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका, अथवा तिच्याशी समतुल्य अर्हता मागितलेली असते. पदवीपत्रावर ‘सिव्हिल’ हा शब्द असला की प्रश्नच उरत नाही. वेगळे नाव असले की ती समतुल्य आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी उमेदवारावर येते, आणि तीही बहुधा कागदपत्र तपासणीच्या दिवशी, जेव्हा धावपळ करायला वेळ नसतो. कोणती नावे कोणत्या मूळ शाखेशी जोडलेली मानावीत, याची यादी एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने 2017 साली राजपत्रात प्रसिद्ध केली आहे. देऊ केलेल्या पदवीचे नाव अक्षरशः त्याच रूपात त्या यादीत आहे का, हे विद्यापीठाकडून लेखी मागा. माहितीपुस्तिकेतील ‘यूजीसी मान्यताप्राप्त’ या शब्दांवर समाधान मानू नका, कारण त्यांचा अर्थ इतकाच की विद्यापीठाला पदवी देण्याचा अधिकार आहे. ती पदवी भरतीत सिव्हिलच्या बरोबरीने धरली जाईल की नाही, याबद्दल ते शब्द काहीच सांगत नाहीत.

दुसरे कारण पैशाचे आहे आणि आपल्या घराच्या दृष्टीने ते अधिक वजनाचे आहे. आपण इतर मागास वर्गात मोडता आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांच्या आत आहे, असे आपण कळवले आहे. राज्य शासनाने 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातील, याच उत्पन्नमर्यादेतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी दिली आहे. मात्र ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या विद्यार्थिनींसाठी आहे. व्यवस्थापन कोट्याला ती लागू नाही आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे तिच्यातून वगळलेली आहेत. म्हणजे जिथे तिची फी शासन भरू शकते ती वाट सोडून, आपण चारही वर्षांची फी खिशातून भरण्याचा विचार करत आहात. विद्यापीठाने सांगितलेली ‘25 टक्के शिष्यवृत्ती’ या हिशेबापुढे फारशी टिकत नाही. नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्न आणि जात वैधता ही तिन्ही प्रमाणपत्रे मात्र याच आठवड्यात तपासून घ्या. वैधतेवाचून राखीव जागा हातची जाते, आणि माझ्याकडे मार्गदर्शनाला येणाऱ्या पालकांपैकी कित्येकांना हे फेरी सुरू झाल्यावर उमगते.

आता महाविद्यालयांविषयी. माटुंग्याचे व्हीजेटीआय आणि अंधेरीचे सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय ही दोन नावे यादीत सर्वांत वर लिहावीत, याबद्दल मला शंका नाही. व्हीजेटीआय 1887 पासूनची संस्था आहे, सरदार पटेल 1962 ची. दोन्ही स्वायत्त आहेत, दोन्हीकडे सिव्हिलचा विभाग जुना आहे आणि पुढे बांधकाम व्यवस्थापनात एम.टेक. करण्याची सोयही आहे. मुलीची जी आवड आज पदवीच्या नावात शोधली जात आहे, ती तिथे नीट पुरी होऊ शकते : चार वर्षे पक्के सिव्हिल, शेवटच्या वर्षांत बांधकाम नियोजन आणि कंत्राटांविषयीचे निवडक विषय, आणि मग त्याच दिशेने एम.टेक. किंवा बांधकाम व्यवस्थापन शिकवणाऱ्या पुण्याच्या निकमारसारख्या संस्थेतील पदव्युत्तर शिक्षण. प्रवासाचेही पाहा. विक्रोळीहून माटुंगा धीम्या लोकलने सरळ आहे. अंधेरीसाठी घाटकोपरला मेट्रो पकडून आझाद नगरला उतरावे लागेल.

या दोन्हींपैकी काही मिळाले नाही तर ऐरोली, खारघर, पनवेल, कांदिवली या बाजूंची खासगी महाविद्यालये उरतात आणि खरी निवड तिथेच करावी लागते. त्यांच्याबाबत सगळे भले किंवा सगळे बुरे असे सरसकट मत मी देणार नाही, कारण एकाच महाविद्यालयात कॉम्प्युटरचा विभाग भरभराटीला आलेला आणि सिव्हिलचा कसाबसा तग धरून असलेला, असे सर्रास दिसते. म्हणूनच उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणी पुरेशी नाही. ती संपूर्ण संस्थेला मिळते. एनबीए या तंत्रशिक्षणातील मान्यता मंडळाचे मूल्यांकन शाखानिहाय असते, तेव्हा ते सिव्हिललाच आहे का आणि त्याची मुदत कधीपर्यंत आहे, हे पाहावे. प्लेसमेंटच्या आकड्यांतही असाच घोळ असतो. सिव्हिलची मुले सॉफ्टवेअर कंपन्यांत गेली तरी ती ‘प्लेसमेंट’मध्ये मोजली जातात. त्यामुळे किती जणांना नोकरी लागली हे विचारण्यापेक्षा, मागच्या तुकडीतील किती जण बांधकाम कंपन्यांत, सल्लागारांकडे किंवा मेट्रोसारख्या प्रकल्पांवर गेले हे विचारा आणि नावानिशी यादी मागा.

याहून महत्त्वाचे, मुलीला घेऊन स्वतः जा आणि काँक्रीटची प्रयोगशाळा दाखवा म्हणावे. आपल्याइतके ते पाहायला लायक पालक फार थोडे असतात. क्युरिंगच्या, म्हणजे काँक्रीट पाण्यात मुरवण्याच्या, टाकीत चाचणीसाठीचे 15 सेंटिमीटरचे क्यूब आहेत का, त्यांच्यावर भरल्याची तारीख लिहिली आहे का आणि ती याच सत्रातली आहे का, एवढे पाहिले तरी बरेच कळते. सात आणि अठ्ठावीस दिवसांच्या चाचण्या जिथे खरोखर होतात तिथे टाकी रिकामी नसते, नोंदवहीत वेगवेगळ्या हातांची अक्षरे असतात आणि चाचणी यंत्राजवळ फुटलेल्या क्यूबचा ढीग पडलेला असतो. सुट्टीमुळे टाकी कोरडी असली तर नोंदवही मागा. टोटल स्टेशन ही सर्वेक्षणाची उपकरणे किती आहेत यापेक्षा एका उपकरणामागे किती मुले उभी राहतात, हे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा. चहाच्या टपरीवर ती मुले प्राध्यापकांपेक्षा मोकळेपणाने सांगतात. प्राध्यापकांविषयी एकच चौकशी पुरेशी आहे : काँक्रीट, सर्वेक्षण आणि माती हे विषय शिकवणारे कायम आहेत, की दर सत्राला बदलतात.

साइटविषयीची आपली काळजी मी हलकी मानत नाही. रात्री उशिरापर्यंत चालणारे स्लॅबचे काम, घरी परतण्याची पंचाईत आणि स्वच्छतागृहाचा प्रश्न या खऱ्या अडचणी आहेत. बांधकाम कामगारांसाठीच्या कायद्याने साइटवर स्वच्छतागृहे बंधनकारक केली असली, तरी लहान कामांवर त्यांची अवस्था काय असते ते आपण रोज पाहता. मोठ्या कंपन्यांच्या प्रकल्पांवर परिस्थिती त्या मानाने बरी असते. शिवाय सिव्हिल इंजिनीअरचे काम म्हणजे केवळ स्लॅबवर उभे राहणे नव्हे. नियोजन, क्वालिटी, क्वांटिटी आणि बिलिंग हे सगळे त्यातच येते, आणि आपल्या सेंटरिंगच्या मापात कपात करणारा बिलिंग इंजिनीअरही याच पदवीतून आलेला असतो. घराचा ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात संरचनेचा दोष निघाल्यास तो दुरुस्त करून देण्याची जबाबदारी रेरा कायद्याने विकासकावर टाकली आहे; त्यामुळे क्वालिटीच्या कामाला वजन आले आहे. तरीही सुरुवातीची एक-दोन वर्षे तिने प्रत्यक्ष साइटवर काढावीत, असेच मी सुचवेन, कारण तो अनुभव नसलेल्या इंजिनीअरचे बिल आपल्यासारखा कंत्राटदार पहिल्याच ओळीत पकडतो. या सुट्टीत तिला आपल्याच कामावर नेऊन बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळ्यांच्या मापांचा तक्ता, वाचायला शिकवा. त्यातून ती स्वतःच ठरवेल की हे तिला हवे आहे का. तो निर्णय तिचा असू द्या.

कॅपचा विकल्प अर्ज भरताना महाविद्यालये मिळण्याच्या शक्यतेनुसार नव्हे, तर तिच्या पसंतीनुसार क्रमाने लिहा. जागावाटप आधी गुणवत्ता आणि मग पसंती पाहून होते, म्हणून व्हीजेटीआय वर लिहिल्याने खालची जागा हुकत नाही. मात्र पहिल्या पसंतीची जागा पहिल्या फेरीत मिळाल्यास ती आपोआप निश्चित होते, तेव्हा जिथे खरोखर जायचे नाही असे नाव पहिल्या क्रमांकावर लिहू नये. यंदाच्या फेऱ्यांचे नियम सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत तपासून घ्या. विद्यापीठाला आज इतकेच कळवा, की समतुल्यतेचे पत्र आणि प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल याची लेखी माहिती मिळाल्याशिवाय आपण पैसे भरणार नाही.