चीनच्या लष्करी तयारीवर सामान्य माणसाला उघड माहितीवरून नजर ठेवता येते का? सुरुवात कशी करायची आणि फसगत कुठे होते?

ठेवता येते, आणि सगळ्यात चांगला दाखला अण्वस्त्रांचाच आहे. २०२१ च्या जूनअखेर कॅलिफोर्नियातल्या मिडलबरी इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी कान्सू प्रांतात युमेनजवळ क्षेपणास्त्रांची जवळजवळ १२० नवी सायलो दाखवून दिली. सायलो म्हणजे क्षेपणास्त्र उभं ठेवण्याची जमिनीतली विहीर. जुलैत फेडरेशन ऑफ अमेरिकन सायंटिस्ट्सच्या अभ्यासकांनी शिनच्यांगमध्ये हामीजवळ तसंच दुसरं क्षेत्र शोधलं, ऑगस्टमध्ये आंतरिक मंगोलियात ऑर्डोसच्या बाजूला तिसरं सापडलं. पहिल्या दोन शोधांमागे विकत मिळणारी उपग्रहचित्रं होती. पुढे पेंटॅगॉनच्या, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण मुख्यालयाच्या, वार्षिक अहवालातही किमान ३०० नव्या सायलोंचा आकडा आला.

हे जमलं कसं, ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी पद्धत त्यातच आहे. सायलोचं खोदकाम झाकायला चिनी लष्कर हवा भरलेले मोठे घुमट उभारतं. हे घुमट आंतरिक मंगोलियातल्या जिलांताई या सराव क्षेत्रात आधीच दिसले होते आणि अभ्यासक तिथे बराच काळ डोळा ठेवून होते. त्यामुळे युमेनच्या वाळवंटात तेच घुमट साधारण तीन-तीन किलोमीटरवर जाळीसारखे मांडलेले दिसल्यावर ओळख पटली. म्हणजे आधी एका जागेची सवय, मग दुसरीकडे तीच खूण. रोज नवी जागा धुंडाळणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तीन-चार ठिकाणं निवडा आणि वर्षभर तीच बघा.

त्या वेळी चिनी समाजमाध्यमांवर ‘या तर पवनचक्क्या आहेत’ असा दावा झाला. कान्सूत पवनचक्क्या खरोखरच भरपूर असल्यामुळे तो पटण्यासारखाही होता. याचं उत्तर आपल्याकडेच मिळतं. गूगल अर्थ प्रो उघडा आणि साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार पाहा. पवनचक्क्या वाऱ्यामागे जातात, म्हणून त्या पठाराच्या कडेने, सड्यावरून ओळीने उभ्या दिसतात. प्रत्येकीची सावली लांब, बारीक, टोकाला पात्यांची. पायथ्याशी लहान चौथरा आणि त्यापर्यंत जाणारी साधी वाट. सायलोकडे जाणारा रस्ता लांबलचक वाहनाला वळता यावं म्हणून रुंद वळणाचा असतो, भोवती कुंपण असतं, केबलचे चर खणलेले दिसतात आणि घुमटाला उंच सावली नसते. अर्धा तास चाळकेवाडीवर घालवलात तर हा फरक डोळ्यात पक्का बसतो.

साधनांमध्ये पहिलं म्हणजे कोपर्निकस ब्राउझर, युरोपच्या उपग्रहांची चित्रं दाखवणारी वेबसाइट. खातं फुकट उघडता येतं. सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं निवडा, ढगांची मर्यादा २० टक्क्यांवर ठेवा आणि आपली ठिकाणं खुणेसकट साठवा. साधारण पाच दिवसांनी नवं चित्र येतं. त्यातला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे १० मीटर, आणि नवखे लोक नेमके इथेच घसरतात. फुच्येन ही विमानवाहू नौका सुमारे ३१६ मीटर लांब आहे, म्हणजे तीसेक पिक्सेल. शांघायजवळच्या चांगशिंग बेटावरच्या गोदीत ती सहज दिसायची. ४५ मीटर रुंदीची धावपट्टी चार-पाच पिक्सेलची भरते. पण वीस मीटरचं लढाऊ विमान दोन पिक्सेलचा उजळ ठिपका असतं, त्यावरून प्रकार ओळखणं अशक्य. सेंटिनेलच्या चित्रावर बाण काढून ‘हे जे-२० (चीनचं लढाऊ विमान) आहे’ असं कोणी सांगत असेल तर तो अंदाज आहे. त्यासाठी ३०-५० सेंटीमीटरची व्यावसायिक चित्रं लागतात. ती महाग असतात, मात्र गूगल अर्थ प्रोमध्ये तशीच जुनी चित्रं तारखेनुसार मोफत बघता येतात.

सेंटिनेल-२ प्रत्येक जागेवरून स्थानिक सूर्यवेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. त्यामुळे रात्री काय हललं ते त्यात कधीच येणार नाही. उत्तर गोलार्धात त्या वेळी सावली वायव्येला, म्हणजे चित्रात वरच्या बाजूला पडते. आपला मेंदू उजेड वरून येतो असं धरून चालतो, म्हणून खड्डा टेकडीसारखा आणि टेकडी खड्ड्यासारखी दिसू लागते. शंका आली की चित्र उलटं फिरवा, सावली तुमच्याकडे आली की आकार जागेवर येतो. आणखी एक गंमतीची खूण: उडतं विमान या चित्रात लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन सरकलेल्या ठिपक्यांचं दिसतं, कारण तिन्ही रंगांची नोंद क्षणाच्या अंतराने होते. उभ्या विमानाला असे रंग फुटत नाहीत.

ढग असतील तर सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाचं चित्र घ्या. ते रात्रीही चालतं. काळ्या पाण्यावर जहाज लखलखीत दिसतं, पण चालतं जहाज आपल्या फेसाळ रेघेपासून बाजूला सरकलेलं दिसतं, तेव्हा त्या ठिपक्याची जागा जशीच्या तशी धरू नका.

चीनसाठी एक खास सापळा आहे. तिथल्या कायद्यानुसार नकाशे वेगळ्या, मुद्दाम सरकवलेल्या अक्षांश-रेखांश पद्धतीत काढावे लागतात. म्हणून गूगल मॅप्सवर रस्त्यांच्या रेषा आणि उपग्रहचित्र यांच्यात शंभर ते काहीशे मीटरचा फरक पडतो. मोजमाप नेहमी उपग्रहचित्रावरच करा.

लडाखकडे लक्ष ठेवायचं असेल तर शिनच्यांगमधलं होतान आणि तिबेटमधलं न्गारी गुन्सा हे दोन विमानतळ धरा. विमानांची संख्या मोजण्याआधी उंची लिहून ठेवा: न्गारी ४,२७४ मीटरवर आहे, होतान सुमारे १,४०० मीटरवर. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो, त्यामुळे न्गारीवरून उडणाऱ्या विमानाला इंधन किंवा शस्त्रं कमी घ्यावी लागतात. दोन्हीकडे बारा-बारा विमानं दिसली तरी ताकद सारखी होत नाही. विमानांपेक्षा नवे पक्के निवारे, इंधनाच्या टाक्या, दारूगोळ्याची कोठारं आणि लांबवलेली धावपट्टी यांना मी जास्त वजन देतो. विमान दुपारी येऊन संध्याकाळी जाऊ शकतं. काँक्रीट ओतलं की तिथे काही वर्षं राहायचा विचार पक्का असतो. पँगाँगवर जानेवारी २०२२ मध्ये दिसलेला पूल असाच होता. तो आधीपासूनच चीनच्या ताब्यात असलेल्या भागात असला तरी त्यामुळे सरोवराच्या दोन काठांमधला सैन्याचा वळसा वाचतो, आणि महत्त्व त्यालाच आहे.

तैवानचं संरक्षण मंत्रालय सप्टेंबर २०२० पासून चिनी विमानांचे आकडे रोज देतं. आता त्यात सकाळी सहा ते दुसऱ्या सकाळी सहा, किती चिनी विमानं, किती जहाजं, किती विमानं मध्यरेषा (चीन आणि तैवानमधल्या सामुद्रधुनीच्या मधोमध मानलेली रेषा) ओलांडून आली, हे असतं. हे आकडे एका तक्त्यात भरत जा. बातम्यांत ‘तैवानच्या हद्दीत घुसखोरी’ असं येतं ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. सार्वभौम हवाई हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांची असते. विमानं येतात ती हवाई ओळख क्षेत्रात, म्हणजे येणाऱ्या विमानाने आपली ओळख द्यावी असं तैवानने ठरवलेल्या पट्ट्यात, आणि ते क्षेत्र आंतरराष्ट्रीय आकाशातही बरंच पसरलेलं आहे. एका दिवसाचा मोठा आकडा पाहून दचकू नका. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी १५३ विमानांची नोंद झाली, पण तो जाहीर सरावाचा दिवस होता. महिन्याची सरासरी घ्या आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहा, कारण वादळात आणि चिनी नववर्षाच्या सुमारास आकडे तसेही खाली येतात. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी तैपेईला जाऊन आल्यावर मध्यरेषा ओलांडणं नेहमीचं झालं. असा टिकून राहिलेला बदल हेरायला शिकायचं.

क्षेपणास्त्र चाचण्यांचा सुगावा नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) आणि सागरी इशाऱ्यांतून लागतो. वैमानिकांना आणि जहाजांना धोक्याचा पट्टा आधी कळवतात. तो वाचताना दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे ‘१८४५ उत्तर’ हे १८.४५ अंश समजणं. ते १८ अंश ४५ मिनिटं आहे, म्हणजे १८.७५. एवढ्याने ठिकाण तेहतीस किलोमीटर चुकतं. दुसरी वेळेची. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यासाठी साडेपाच तास मिळवा. ११३० म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे पाच. आणि पट्ट्याची लांबी म्हणजे क्षेपणास्त्राचा पल्ला असं कधीही लिहू नका. क्षेपणास्त्र मुद्दाम उंच आणि जवळ टाकता येतं, पट्ट्यात सुरक्षेसाठी जास्तीचं अंतर धरलेलं असतं आणि कित्येक नोटॅम चाचणी न होताच रद्द होतात.

जहाजांच्या मागावर असाल तर एआयएस, म्हणजे जहाज स्वतःची ओळख आणि जागा कळवतं तो संकेत, नकाशावर दाखवणाऱ्या साइट्स आहेत. उपग्रह-क्षेपणास्त्रांचा माग काढणारं युआन वांग ५ हे चिनी जहाज ऑगस्ट २०२२ मध्ये श्रीलंकेतल्या हंबनटोटाला आलं, तेव्हा सगळ्यांनी त्याची वाट असल्या नकाशांवरच पाहिली. पण युद्धनौकांवर हा संकेत चालू ठेवण्याचं बंधन नाही आणि तो खोटाही घालता येतो. जून २०२१ मध्ये ब्रिटनची युद्धनौका एचएमएस डिफेंडर क्रिमियातल्या सेवास्तोपोलच्या तोंडाशी पोहोचल्याचं नकाशावर दिसत होतं, त्याच वेळी युक्रेनच्या ओडेसा बंदरातल्या वेबकॅममध्ये ती धक्क्याला उभी होती. संकेत दिसला की त्याच दिवसाचं रडारचित्र काढून तिथे जहाज खरंच आहे का ते बघा.

आकड्यांच्या तुलनेबद्दल थोडक्यात. चीनच्या नौदलात ३७० हून अधिक जहाजं, हा पेंटॅगॉनचा २०२४ चा आकडा, नुसता फेकून काही कळत नाही. उभ्या क्षेपणास्त्र-नळ्या मोजा: चीनच्या टाइप ०५५ विनाशिकेवर ११२, माझगाव डॉकने बांधलेल्या आयएनएस विशाखापट्टणम या विनाशिकेवर बराक क्षेपणास्त्रांसाठी ३२ आणि ब्राह्मोससाठी १६. जलावतरण म्हणजे सेवेत दाखल होणं असंही नाही; फुच्येन जून २०२२ मध्ये पाण्यात उतरली आणि नौदलात आली नोव्हेंबर २०२५ मध्ये. खर्चाचंही तसंच. २०२४ साठी चीनने १.६७ लाख कोटी युआन, म्हणजे सुमारे २३१ अब्ज डॉलर जाहीर केले, तर सिप्री या स्टॉकहोममधल्या शांतता-संशोधन संस्थेचा अंदाज ३१४ अब्ज आहे, कारण सिप्री इतर खात्यांखालचा खर्चही धरते. दोन देशांची तुलना करताना एकाचा सरकारी आणि दुसऱ्याचा सिप्रीचा आकडा घेऊ नका.

नोंदवही ठेवा, साधी एक्सेल चालेल. रकाने चार: तारीख आणि चित्राचा स्रोत, डोळ्यांना काय दिसलं, त्याचा अर्थ काय असू शकतो, आणि त्याच खुणेचा दुसरा साधा अर्थ कोणता. चौथा रकाना रिकामा असेल तर ती नोंद कुठेही टाकू नका. दुसऱ्या रकान्यात ‘तळ’, ‘क्षेपणास्त्र’ असे शब्द घालू नका. ‘६० बाय २५ मीटरची निळ्या छपराची शेड, मार्चमध्ये नव्हती’ एवढंच लिहा.

हा सराव आपल्या लष्करी तळांवर करून चित्रं टाकू नका. शासकीय गुपिते कायदा, १९२३ लष्करी ठिकाणांच्या नकाशांना आणि माहितीलाही लागू होतो, आणि रेल्वेने चाललेल्या तोफांचा हौसेने टाकलेला व्हिडिओ पलीकडे असंच काम करणाऱ्याच्या दुसऱ्या रकान्यात जातो. सरावाला चाळकेवाडी आहे, न्हावा-शेव्याचं कंटेनर बंदर आहे. तिथले कंटेनर मोजा, ४० फुटी कंटेनर १२.२ मीटरचा असतो, आणि तुमचं मोजमाप किती चुकतं ते आधी कळून घ्या.