काचेच्या जागी अ‍ॅक्रिलिक चालेल का?

प्रश्न : घरात दोन वर्षांची नात आहे, शोकेसच्या काचेवर सारखी खेळणी आपटते. सुतार म्हणतोय काच काढून अ‍ॅक्रिलिक टाका, डायनिंग टेबलवर आणि गॅसच्या मागेपण तेच लावू. टिकेल का? की पिवळं पडेल? – एक आजी, सांगली

उत्तर : आजी, अ‍ॅक्रिलिक म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, शोकेसला बिनधास्त लावा. वजन काचेच्या निम्म्याहून कमी, आणि दणका बसला तरी सहसा फुटत नाही, फुटलंच तर मोठे तुकडे होतात, काचेसारखा बारीक चुरा घरभर उडत नाही. दिसायलाही छान, 92 टक्के उजेड आरपार जातो. पिवळं पडण्याची बदनामी खरं तर पॉलिकार्बोनेट ह्या दुसऱ्या पारदर्शक प्लास्टिकची, चांगलं अ‍ॅक्रिलिक उन्हातसुद्धा वर्षानुवर्षं टिकतं. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा ह्याच्याच होत्या, आणि जखमी वैमानिकांच्या डोळ्यात घुसलेले ह्याचे कण डोळा सहन करतोय हे बघूनच हॅरॉल्ड रिडली ह्या डॉक्टरांनी 1949 मध्ये लंडनला मोतीबिंदूच्या पेशंटला ह्याचीच लेन्स बसवली!

पण गॅसच्या मागे अजिबात नको, सुतार काहीही म्हणू दे. 100 डिग्रीच्या आसपास ते मऊ पडतं आणि पेटतंसुद्धा. तिथे टाइल्सच बऱ्या. डायनिंग टेबललाही मी नाहीच म्हणेन, कारण ताटं सरकवून सरकवून चरे पडणार आणि गरम कुकर ठेवलात की डाग कायमचा, त्यापेक्षा टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काच घ्या आणि कोपऱ्यांना रबरी गार्ड लावा.

शोकेससाठी कास्ट (साच्यात ओतून केलेली) शीट मागा, एक्स्ट्रूडेड (यंत्रातून दाबून काढलेली) स्वस्त मिळते पण त्यात तडे लवकर जातात. सरकत्या दाराला 3 एमएम वाकेल, 5 तरी घ्याच. सुताराला सांगा काचेसारखं फिट्ट बसवू नको, कारण पहाटेची थंडी आणि मे महिन्याची दुपार ह्यात मीटरभर शीट दोनेक मिलिमीटर लांबते, जागा नसली तर फुगवटा येतो. स्क्रू मारायचा तर भोक जरा मोठं.

पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ सुती फडकं, बास. स्पिरिट, सॅनिटायझर किंवा अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड लावलंत तर बारीक बारीक तडे येतात, आणि ते परत जात नाहीत. कोरडं फडकं फिरवलं तर धूळच चरे पाडते. साधे चरे मात्र पॉलिश पेस्टनं निघतात. आणि हो, शीटवरची फिल्म सगळं काम संपून झाडलोट झाल्यावरच सोलायला सांगा, नाहीतर लाकडाचा भुसा चिकटलाच म्हणून समजा.