बडोद्याहून एका दिवसात सायकलने जाऊन येता येईल अशी चांगली वाट कोणती? मैत्रिणीबरोबर जायचं आहे, तिला फारशी सवय नाही.

वढवाणा तलाव. डभोईच्या पुढे, बडोद्यापासून साधारण 50 किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन 100 होतात. तेव्हा मैत्रिणीला सवय नसेल तर आधीचे दोन-तीन रविवार आजव्याला जाऊन या. तिथला सयाजी सरोवरही बघण्यासारखा आहे आणि परत यायला जेमतेम 20 किलोमीटर. तिथून आल्यावर दुसऱ्या दिवशी तिचे पाय दुखत नसतील, तर वढवाण्याचं ठरवा.

मी आणि माझी मैत्रीण गेली काही वर्षं डिसेंबर-जानेवारीत एकदा तरी जातो. पहाटे 5 ला प्रतापनगरच्या पुलाशी भेटायचं आणि उजाडायच्या आत कपुराई चोकडी (हायवेवरचा चौक) ओलांडायची. हे वेळेचं सांगते ते कळकळीने. डभोई रोडच पुढे केवडियाला जातो. 2018 मध्ये सरदारांचा पुतळा खुला झाल्यापासून शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर गाड्यांची रीघ असते. शक्य असेल तर रजा काढून मधल्या वारी जा. मागचा लाल दिवा नसेल तर अंधारात निघूच नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या वेळी मी पुढे होते. मला वाटत होतं, ती येतेच आहे मागून. केलनपूरच्या पुढे वळून पाहिलं तर रस्ता रिकामा. उलटी गेले, तर ती दीड किलोमीटर मागे, कडेला उभी. पुढचं चाक बसलेलं, शेजारून ट्रक चाललेले, आणि पंप माझ्या पिशवीत. ती काहीच बोलली नाही, आणि तेच मला फार लागलं. त्या दिवसापासून आमच्यात जिचा वेग कमी ती पुढे. वेग तिने ठरवायचा, थांबायचं कुठे तेही तिनेच. पंप आणि जादा ट्यूब दोघींकडे वेगवेगळ्या.

पंक्चर होणारच, कारण कडेला सगळीकडे गांडा बाभूळ, म्हणजे काटेरी वेडी बाभूळ आहे. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. काटा आतच अडकलेला असतो आणि नवी ट्यूबही तो फोडतो. आमची त्या दिवशी दोन किलोमीटरवर पुन्हा फुटली ती अशीच.

डभोईत वडोदरी भागोळीतून, म्हणजे गावाच्या जुन्या दरवाजातून शिरा, चहा घ्या आणि गावातून सरळ पूर्वेच्या हीरा भागोळीकडे जा. 13व्या शतकातल्या त्या दरवाजाचं कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उन्हात फार सुंदर दिसतं. याच डभोईहून मियागामकडे 1862 मध्ये खंडेराव महाराजांनी छोट्या रुळांची गाडी सुरू केली, सुरुवातीला ती बैल ओढायचे. माझे आजोबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा ते रंगवून सांगतात असं वाटायचं, पण ती खरी आहे.

डभोईनंतर रहदारी कमी होते. कपाशी, तूर, एरंडी, मधूनच केळीच्या बागा, आणि रस्ता सपाट. इथे शेजारी-शेजारी चालवत गप्पा मारता येतात. आमच्या वर्षभराच्या राहिलेल्या गोष्टी याच पट्ट्यात बोलून होतात.

तलाव सयाजीराव महाराजांच्या काळातला, 1909-10 च्या सुमाराचा. जोजव्याला ओरसंग नदीचं पाणी अडवून कालव्याने इथे आणलं, ते शेतीसाठी. पक्षी आपणहून आले. 2021 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. बांधावर सायकली हाताने धरून चालत जा, काटे आणि पक्षी दोन्हींसाठी ते बरं. वारकरी नावाचे काळे पाणपक्षी आणि तलवार बदकं हजारोंनी असतात, चक्रवाक जोडीजोडीने. पण थांबायचं ते पट्टकादंबांसाठी. हे हंस हिमालय ओलांडून येतात. रात्री-पहाटे शेतात चरतात आणि ऊन चढू लागलं की पाण्यावर परततात. आम्ही 9 च्या आत बांधावर असतो ते यासाठीच. आधी आवाज येतो, मग लांबवर एक वाकडी रेघ दिसते. त्या वेळी दुर्बीण एकच असली तर ती मैत्रिणीला द्या.

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच न्या, प्रत्येकीला किमान तीन लिटर पाणी. 11:30 ला निघा, दुपारचं ऊन डभोईत सावलीत काढा आणि 5 पर्यंत घरी पोचा. परतीच्या शेवटच्या 15 किलोमीटरमध्ये माझी मैत्रीण दरवेळी गप्प होते. तेव्हा मीही बोलत नाही, फक्त तिच्या मागच्या दिव्यावर नजर ठेवून चालवत राहते.